बोटभर चांगलं

९ डिसेंबर २०२४, सोमवार

वर्षाराणीनं आज चार ब्लाउज उसवले. डाव्या बाजूची शिलाई सोडून कापड सैल केलं आणि उजवी बाजू होती तशी ठेवली. मी समोर बसून पैंजणांचे जोड काट्यावर तोलून लावत होतो. म्हटलं, "एकाच बाजूनं जाड व्हायला लागलीस काय गं?"

ती हसली नाही. दातानं दोरा तोडला आणि म्हणाली, "गाठ परत आलीया."

लाईट गेल्यामुळं चांदीकामाची मशीन बंद होती, सगळी गल्ली गप्प होती. नाहीतर हे वाक्य मला ऐकूही आलं नसतं.

श्रावणात सुपारीएवढी होती म्हणे. आता मोसंबीएवढी झाली आहे. छातीवर मागच्या वेळचा वण आहे, बरोबर त्याच्याखाली. "मग आधी का बोलली नाहीस?" तर म्हणते, "दिवाळीची आर्डर हुती की. मग तुळशीचं लगीन. मग तुमचं राजकोटचं पावणं आलं."

मागची गाठ २०१९ च्या जुलैमध्ये काढली. मी तेव्हा राजकोटला माल घेऊन गेलतो. कोल्हापुरात एक वयस्कर डॉक्टर होते, आता वारले, त्यांच्या लहानशा दवाखान्यात आई आणि वर्षाराणी दोघीच गेल्या आणि सगळं उरकून आल्या. मला फोनवर कळलं. आई म्हणाली, "साधी गाठ हुती. रिपोट चांगला हाय. तू तुझा माल इकून ये." मी येताना बांधणीची साडी आणली, हिरवी. तो विषय तिथं संपला.

ही डायरी चांदीच्या लगडी देणाऱ्या पेढीनं जानेवारीत दिली होती. अकरा महिने कोरी पडली होती. आता लिहायला घेतली आहे. बोलायला कुणी नाही असं नाही, पण कुणाशी काय बोलावं ते कळत नाही.

१२ डिसेंबर

कोल्हापूरला जाऊन आलो. ती गाडीवर मागं बसली होती.

लग्नानंतर पहिल्यांदा तिला कोल्हापूरला नेलं होतं, ती एसटी आठवली. तेव्हा तिच्या पायात मी स्वतः केलेले पैंजण होते, एकेक कडी हातानं ओवलेली. ती एसटीत चढली आणि कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "आवाजावरनं कळतंय, हुपरीचं हाईत." मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो, पण छाती फुगली होती. रंकाळ्यावर बसलो तेव्हा तिनं पाय पुढं करून विचारलं, "ह्यातलं डावं जड का लागतंय?" घाईत माझ्या हातून एक पैंजण जास्त वजनाचा झाला होता. पैंजणांच्या हुपरीत जन्मलेल्या माणसानं स्वतःच्या बायकोला बिनजोडीचा जोड द्यावा! दुसऱ्या दिवशी नीट करून देतो म्हणालो, तर तिनं काढूनच दिला नाही. आजपर्यंत दिलेला नाही.

डॉक्टरीणबाईंचं नाव संयोगिता. चाळिशीच्या, राधानगरीकडच्या आहेत. बोलणं आपल्यासारखंच, रोखठोक. वर्षाराणीला तपासलं, मग मला आत बोलावलं.

"मागची गाठ कसली होती?"

मी म्हणालो, "साधी. रिपोर्ट चांगला होता."

"चांगला म्हणजे काय, दादा? गाठीला नाव असतंय. काय नाव लिहिलं होतं?"

पाच वर्षांत हा प्रश्न आमच्या घरात कुणी कुणाला विचारलेला नाही.

"तो कागद शोधा," मॅडम म्हणाल्या. "मागं काय होतं ते कळलं की आता किती कापायचं ते ठरवायला बरं पडतंय."

सोनोग्राफी झाली, एक्स-रेसारखं ते दुसरं मशीनही झालं. शेवटी जाड सुईनं गाठीतले तुकडे घेतले. शेवयांएवढे बारीक होते. मी म्हटलं, म्हणजे हा टंच झाला. आम्ही लगडीचा एक कोपरा कापून चांदीचा कस बघतो, त्याला टंच म्हणतो, असं सांगितलं. मॅडम हसल्या. म्हणाल्या, "बरोबर. पण तुमची लगड वितळून एकजीव झालेली असती. ही गाठ तशी नसती. एका कोपऱ्यात एक, दुसऱ्या कोपऱ्यात दुसरं."

परत येताना तिनं रंकाळ्याकडं गाडी वळवायला सांगितली. वीसेक मिनिटं बसलो. जुनी बाकडी गेली, नवी आली आहेत. भेळ खाल्ली. पैशाच्या बाबतीत ती भेळवाल्याशी भांडली, तेव्हा मला जरा बरं वाटलं.

१४ डिसेंबर

सगळी ट्रंक उपसली. मुलीचे, पूर्णिमाचे, शाळेचे दाखले सापडले, बाबांचं रेशनकार्ड सापडलं, २००२ सालची दवाखान्याची पावती सापडली, पूर्णिमाच्या जन्माची. रिपोर्ट नाही.

ती पावती बघून आठवलं. पूर्णिमा झाली तेव्हा आईनं नर्सशी भांडून तिची वार, नाळेबरोबर पडते ती, मागून घेतली होती. दवाखान्यात पोर झालं म्हणून काय झालं, वार घरच्याच मातीत पुरायची, तिच्या सासूनं तिला तसं शिकवलेलं. परसात न्हाणीच्या पाण्यावर कर्दळ वाढली आहे, तिथं पुरली. त्यामुळं पोर कुठंही गेली तरी घराकडं ओढ राहते म्हणे. पोर पुण्यात आहे आणि दर शनिवारी फोन करते. म्हणजे थोडं खरं असावं.

आई उंबऱ्यात बसून माझी उपसाउपस बघत होती. विचारलं, "बाळू, त्यो कागद लागतोच काय?"

"लागतोय की."

"आन न्हाय घावला तर?"

"तर लॅबमध्ये दुसरी प्रत मिळंल. तू कुठल्या लॅबला दिलतंस ते सांग."

म्हणाली, आठवत नाही. अठ्ठ्याहत्तर वय. नसेल आठवत. पण लग्नात कुणी किती आहेर केला ते तिला आजही तोंडपाठ आहे.

१९ डिसेंबर

सुईचा रिपोर्ट आला. मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं. ही नेहमीची कॅन्सरची गाठ नाही. एक तर तरुण मुलींना होते तशी साधी गाठ असेल, नाहीतर फायलॉइड्स नावाची, क्वचित दिसणारी. आत पानांसारख्या घड्या असतात म्हणून ते नाव. तिच्यात तीन प्रकार असतात, सौम्य, मधली आणि वाईट, आणि पूर्ण गाठ बाहेर काढून तपासल्याशिवाय कुठली ते कळत नाही. सुईच्या तुकड्यावरून लॅबलाही नक्की सांगता येत नाही.

"काढायची पद्धत वेगळी आहे," मॅडम म्हणाल्या. "साधी असली तर शेंगेतून दाणा काढावा तशी सोलून काढता येते. फायलॉइड्स असली तर तसं चालत नाही. भोवतीचं बोटभर चांगलं मांस घेऊन काढायची, सगळीकडनं. नाहीतर डोळ्यांना दिसत नाही असं काहीतरी मागं राहतंय आणि परत उगवतंय."

मी म्हणालो, "मॅडम, चांगलं कशाला कापायचं? तेवढी गाठ काढा. बाकीचं वाचवा."

मला खरंच तसं वाटलं. आमच्या घरात झाडलेली धूळसुद्धा टाकत नाहीत. पोत्यात भरून ठेवतात, वर्षातून एकदा झारेकरी येतो, ती धूळ धुऊन तिच्यातून चांदी काढून देतो. बसायचं पोतंसुद्धा शेवटी जाळून राख धुतात. चांगला माल हातानं कापून टाकायचा, हे आमच्या हातांना ठाऊकच नाही.

वर्षाराणी म्हणाली, "ह्यांचं ऐकू नका. ह्यांनी आख्खं आयुष्य धूळ गोळा केलीया."

मॅडम परत जुन्या कागदावर आल्या. मागची गाठ खरंच साधी असेल तर ही तशीच दुसरी असू शकते. मागची फायलॉइड्स असेल आणि तीच परत आली असेल तर गोष्ट वेगळी.

२१ डिसेंबर

लॅब शोधली. त्या वारलेल्या डॉक्टरांचे नमुने जिथं जायचे ती एकच लॅब होती, नदीच्या बाजूला. तिथला माणूस म्हणाला, २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुराचं पाणी खालच्या मजल्यावर छातीएवढं आलं होतं, त्या वर्षाची रजिस्टरं गेली.

कोडं सुटलं. जुलैत नमुना दिला, ऑगस्टमध्ये पूर आला. कुणाचा दोष नाही.

घरी येऊन आईला सांगितलं, "तुझा कागद पुरात गेला बघ."

आई म्हणाली, "पुरात?" आणि तिनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "पुरात व्हय." आणि पाण्याची कळशी घेऊन परसात गेली.

तिला त्या पुराची फार भीती वाटली होती. अजून आठवण काढली की चेहरा उतरतो.

२४ डिसेंबर

पॉलिशच्या मशीनला जागा पाहिजे. मुंबईचा माल आता सगळा मशीनवरचा, चकाचक पाहिजे असतो. परसातली कर्दळ काढून तिथं कोबा करून वर पत्रे टाकावेत असं चार वर्षं माझ्या मनात आहे. आज परत विषय काढला. आई अंगावरच आली. "तितं कुदळ लावायची न्हाय. सांगून ठेवतो."

पूर्वी ह्या गल्लीत सकाळी बारीक हातोड्यांचा आवाज सुरू व्हायचा तो दिवेलागणीपर्यंत. दारादारात बायका घुंगरू ओवत बसायच्या, मांडीवर सूप, सुपात कड्या. आई आणि वर्षाराणी समोरासमोर बसायच्या. एकीचा धागा संपला की दुसरी न विचारता पुढं करायची. सासूसुनांची भांडणं मी दुसऱ्यांच्या घरात ऐकली. आमच्या घरात दोघी मिळून माझ्याशी भांडायच्या.

आता गल्लीत मशीनचा एकच आवाज असतो. त्यात कुणाचं घर कुठलं ते कळत नाही.

२८ डिसेंबर

मॅडमना पुराचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "दादा, मग रिपोर्ट साधा होता हे कुणाच्या तोंडचं?"

"आईनं वाचून घेतला होता. आई कधी खोटं बोलत नाही."

त्यांनी विचार केला. म्हणाल्या, "माझं मन मानत नाही. पण तुम्ही दोघंही एवढं ठाम सांगताय, तर पहिल्यांदा गाठच काढू या, जास्त न कापता. तपासून वेगळं निघालं तर मात्र परत उघडावं लागंल. आणि अशी गाठ दर वेळी थोडी जास्त बिघडून येऊ शकते, हे लक्षात ठेवा." सात जानेवारी ठरली.

मी खूश होतो. जेवताना आईला सांगितलं, "बरं झालं बघ. मागचा रिपोर्ट चांगला म्हणून आता फक्त गाठच काढणार. बाकी सगळं वाचलं."

आईनं ताटातली भाकरी परत टोपल्यात ठेवली आणि उठून गेली. वर्षाराणीला आता काम होत नाही म्हणून शेजारच्या बाईकडून भाकऱ्या करून घेतो, त्या जाड असतात. आईला चालत नाहीत.

३१ डिसेंबर

आई तीन दिवस धड जेवली नाही. भाकरीवर एवढा राग धरू नये. मी बोललो तर वर्षाराणीनं मलाच गप्प केलं.

२ जानेवारी २०२५

नवी डायरी पेढीनं अजून दिलेली नाही, म्हणून जुनीच्याच मागच्या पानांवर लिहितो.

सकाळी मी इस्तूच्या ज्योतीवर घुंगरू झाळत, डाग देऊन जोडत बसलो होतो. आई येऊन समोर बसली. म्हणाली, "इस्तू बंद कर."

मी बंद केला. वर्षाराणी दारात होती.

"ती बाटली मी न्हेलीच न्हाय," आई म्हणाली.

"कुठली बाटली?"

"डाक्टरनी दिलेली. हिच्या गाठीची. म्हणालं, आजी, लॅबला न्हेऊन द्या, जवळच हाय. मी पिशवीत घातली. रस्त्यावर आलो. पाऊस लागलाता. म्हटलं, हे आता तितं कुणीतरी परकं माणूस चिरणार, बघणार, मग कुठंतरी टाकून देणार. कचऱ्यात. कुत्री वढत न्हेणार. माझ्या सुनंच्या अंगाचं मांस, बाळू. गाठ तर निघालीती की. मग आनि काय बघायचं ऱ्हायलं? समोर हुपरीची गाडी लागलीती. बसलो."

"आणि रिपोर्ट?"

"म्या सांगितला त्योच रिपोट."

मी विचारलं कुठं आहे ती बाटली, आणि विचारता विचारताच मला कळलं. कर्दळीखाली. पूर्णिमाच्या वारेशेजारी, हळदकुंकू लावून.

मी आईवर आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता, आज चढवला. काय बोललो ते इथं लिहीत नाही. आई मान खाली घालून ऐकत होती. मला सगळ्यात जास्त कशाचा राग आला असेल तर ह्याचा, की मी मॅडमसमोर छाती काढून म्हणालो होतो, आई खोटं बोलत नाही.

वर्षाराणी मध्ये आली. म्हणाली, "बास करा. मला म्हाईत हुतं."

"काय माहीत होतं?" मी विचारलं.

"पुरलंय ते म्हाईत हुतं. दवाखान्यातनं आल्यावर तिथं हळदकुंकू बघितलंतं मी. मला वाटलं, तपासून झाल्यावर उरलंसुरलं ह्या आत्तींनी मागून आणलं असंल, पूर्णिमाच्या वारंसारखं." ती आईशेजारी खाली बसली. "माझी सोताची वार चंदगडात पुरलीया, म्हायारी. तवा मला वाटलं, आता माझंबी कायतरी ह्या घरात हाय. मी कुणाला बोलले न्हाय. बरं वाटलंतं मला."

आई तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. आवाज न करता. मी इस्तू परत पेटवला आणि काम न करताच विझवला.

३ जानेवारी

आईला घेऊन मॅडमकडं गेलो. आईनंच सांगायचं असं तिनं ठरवलं होतं. खुर्चीवर बसली नाही, उभ्यानं सांगितलं.

मॅडम रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "आजी, खाली बसा. पाच वर्षं हे एकटीनं सांभाळलं?"

"सांभाळलं न्हाय," आई म्हणाली. "लपवलं."

मॅडमनी फाईलवरची 'मागची गाठ साधी' ही ओळ खोडली. मागच्या गाठीचं नाव कुणालाच माहीत नाही. तिच्याच जागी गाठ परत आली आहे आणि वेगानं वाढली आहे. म्हणजे ही फायलॉइड्स आहे असं समजूनच चालायचं. मागच्या वणासकट, भोवतीचं बोटभर चांगलं घेऊन. काखेतल्या गाठी काढायची गरज ह्या आजारात बहुधा पडत नाही, हे एक बरं. एक बाजू लहान होईल. त्यातल्या त्यात आकार राहील असं शिवून देतो म्हणाल्या.

वर्षाराणी म्हणाली, "मॅडम, जीव ऱ्हाऊ दे. आकाराचं कुणाला दाखवायचंय." मग माझ्याकडं बघून, "आनि तुमी हा जोड काट्यावर ठेवायचा न्हाय आता. सांगून ठेवते."

मॅडमना त्यातलं काही कळलं नसणार. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. पायांकडं बघितलं. तेच पैंजण होते.

७ जानेवारी, मंगळवार

आज लिहिण्यासारखं खूप आहे, पण हात जड झाला आहे.

तिला आत नेताना पैंजण काढायला लावले. तिनं ते माझ्या हातात दिले. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. हातावर तोलून बघितले. डावा जड आहे, अजून. वाटलं असतं तर आज नीट करता आला असता. खिशात घालून बसलो.

आई बाकावर, पदर डोक्यावर घेऊन. पूर्णिमा पुण्याहून पहाटेच्या गाडीनं आली होती, ती सारखी उठून काचेतून बघत होती. आईनं तिला विचारलं, "तुझी आई ह्यातनं उठंल न्हवं गं?" पूर्णिमा म्हणाली, "उठेल की आज्जी, आणि उठल्या उठल्या पप्पांना बोलेल." आणि तसंच झालं, पण ते नंतर.

मॅडम बाहेर आल्या. हातात स्टीलचा ट्रे. काढलेलं नातेवाइकांना दाखवायची पद्धत आहे. मध्ये गाठ असणार, पण ती दिसत नव्हती. सगळीकडून पिवळं, मऊ, निरोगी. वर एक आखूड दोरा आणि बाजूला एक लांब दोरा शिवला होता, म्हणजे लॅबला कळावं की वरची बाजू कुठली आणि काखेकडची कुठली. "हे जे पिवळं दिसतंय, हे सगळं चांगलं," मॅडम म्हणाल्या. "गाठ मला दिसलीच नाही, आणि दिसायला नकोच होती."

माझा जीव त्या पिवळ्यात अडकला. एवढं चांगलं! सवयीनं हात पुढं होत होता. मग लक्षात आलं, ते कापून टाकलेलं नाही, मध्ये घातलेलं आहे, तिच्या आणि गाठीच्या मध्ये.

आईनं ट्रेला हात जोडले.

नमुना मोठ्या बरणीत औषधी पाण्यात घातला, वर चिठ्ठी लावली. मॅडम म्हणाल्या, आमचा माणूस लॅबला नेतोय. आई उठून उभी राहिली.

"मी न्हेतो."

मॅडमनी तिच्याकडं बघितलं. "आजी, वाटेत हुपरीची गाडी लागली तर?"

आई म्हणाली, "आता न्हाय बसत."

मॅडमनी बरणी तिच्या हातात दिली. मी सोबत होतो, रिक्षा केली. पूर्ण वाटेत आईनं बरणी मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती, खड्डा आला की रिक्षावाल्याला, "ए पावणं, सावकास जरा!" लॅबच्या खिडकीशी मी बरणी घ्यायला गेलो तर दिली नाही. स्वतः आत सरकवली.

आतल्या मुलीनं विचारलं, "पेशंटचं नाव?"

आईनं वर्षाराणीचं नाव नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट सांगितलं. मग कुणी विचारलं नव्हतं तरी, "माझी सून हाय."

मुलीनं लिहून घेतलं. आई हलली नाही. "तपासून झाल्यावर काय करता त्येचं?"

"तपासायचे तुकडे मेणात बसवून वड्या करतो, आज्जी. त्या ठेवतो कपाटात. पुढं कधी लागल्या तर."

"मेणात?"

"हो."

"आनि वर नाव?"

"नंबर असतो. नंबरावरून नाव."

आईनं पावती घेतली, घडी करून पदराच्या टोकाला बांधली. पायऱ्या उतरताना म्हणाली, "ही लोकं जपत्यात की रं. मला कुणी सांगितलंच न्हाय."

दवाखान्यात आलो तेव्हा वर्षाराणी शुद्धीवर आली होती. पहिलं वाक्य, "माझं पैंजण कुठंयत?" दुसरं, "जोड काट्यावर ठेवला न्हाय न्हवं?"

१४ जानेवारी, संक्रांत

घरी आणलं. टाके सुकत आहेत. शेजारणी तिळगूळ घेऊन आल्या. सगळ्यांना वर्षाराणी पडल्या पडल्या गोष्ट सांगते आणि दर वेळी गाठ थोडी मोठी होते. आज ती नारळापर्यंत गेली होती.

रिपोर्ट अजून नाही. आई दिवसातून दोनदा पदराची गाठ चाचपते.

२० जानेवारी

रिपोर्ट आला.

फायलॉइड्स. मधल्या प्रकारची. मागच्या खेपेला कुठल्या प्रकारची होती ते आता कधीच कळणार नाही. मॅडम म्हणाल्या, तेव्हाच तपासून नाव कळलं असतं तर कदाचित आज हे करावं लागलं नसतं, कदाचित लागलंही असतं. आईसमोर त्या हे बोलल्या नाहीत, मला बाजूला घेऊन बोलल्या. मीही आईला सांगणार नाही.

महत्त्वाचं हे की कडा मोकळ्या आहेत. सगळीकडून. पुढं औषधं, किरणांची लाईट देणं काही नाही. पहिली काही वर्षं ठरल्या वेळी तपासायला जायचं, चुकवायचं नाही. "गाठीपेक्षा चुकवणारी माणसं जास्त त्रास देतात," हे मॅडम माझ्याकडं बघून म्हणाल्या.

घरी आलो. आई परसात कर्दळीपाशी पाणी घालत होती. वर्षाराणी उंबऱ्यात बसून सुपातल्या कड्या निवडत होती, जड उचलायचं नाही म्हणून एवढंच करते. मशीन बंद होती. पाय हलवला की तिच्या पैंजणांचा आवाज येत होता, एक जड, एक हलका.

आईला सांगितलं, "सगळं मोकळं आहे. भोवतीनं बोटभर चांगलं घेतलं, म्हणून वाचली."

"बोटभर म्हंजे किती?"

मी बोट पुढं केलं. आईनं ओल्या हातानं ते धरलं, नखापासून पहिल्या पेरापर्यंत बघितलं, मग आडवं धरून त्याची जाडी बघितली.

"एवढंच?"

"एवढंच."

तिनं बोट सोडलं नाही. मग कळशी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "वत तूच आज. ह्या मातीत तिचं हाय."